चाइल्ड टॅक्स क्रेडिट: एकाच घरातल्या दोन मुलांचे दोन हिशोब

थोरली पुण्यात जन्मलेली, एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या नवरा-बायको-मुलांचा व्हिसा) अमेरिकेत आलेली. धाकटा न्यू जर्सीतल्या एडिसनचा. दोघं एकाच शाळेत जातात, डबाही एकाच ओट्यावर भरला जातो. पण आई-वडील फेडरल टॅक्स रिटर्न भरायला बसले की धाकट्यामागे २,२०० डॉलरची करसवलत, म्हणजे चाइल्ड टॅक्स क्रेडिट, मिळते आणि थोरलीमागे इतर अवलंबितांसाठीचे फक्त ५००. तिचा नंबर ९ ने सुरू होतो, म्हणजे तो आयटीआयएन (फक्त कर भरण्यापुरता दिलेला नंबर) आहे, नागरिकांना आणि नोकरीची परवानगी असलेल्यांना मिळणारा सोशल सिक्युरिटी नंबर नव्हे. दर मार्च-एप्रिलला ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "आमचं काही भरायचं चुकलं का?" चुकलेलं काहीच नसतं, कायदाच तसा आहे.

ही सवलत १९९७ च्या कायद्याने आली. सुरुवात मुलामागे ४०० डॉलरपासून झाली आणि २००३ मध्ये रक्कम १,००० वर गेली. तेव्हा इथे राहणाऱ्या आयटीआयएनवाल्या मुलांनाही ती मिळायची. २०१७ च्या करकायद्याने ती दुप्पट केली, आणि त्याच कायद्यात मुलाकडे नोकरीसाठी वैध सोशल सिक्युरिटी नंबर हवा, अशी अट घातली. एच-४ वरच्या मुलाला असा नंबर मिळत नाही. ही अट २०२५ अखेर आपोआप संपायची होती. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने ती कायमची केली.

खरा गुंता मात्र 'रिफंडेबल' या शब्दात आहे. आपण नोकरदार माणसं 'रिफंड' म्हणतो ते पगारातून जास्त कापलेले आपलेच पैसे. रिफंडेबल क्रेडिट वेगळं. कर शून्य असला तरी सरकारने हातात द्यायची ती रक्कम. सवलत नुसती करातूनच वजा होत असेल तर ज्याला करच लागत नाही त्याच्या पदरात काहीच पडत नाही, आणि करच लागत नाही अशी घरं म्हणजे सगळ्यात गरीब घरं. सध्या परत मिळणारा भाग मुलामागे जास्तीत जास्त १,७०० डॉलर, तोही २,५०० च्या वरच्या कमाईवर डॉलरमागे १५ सेंट या हिशोबाने. वर्षाला १२,५०० डॉलर कमावणाऱ्या, दोन मुलांच्या एकट्या आईचं गणित मांडून पाहा: १०,००० चे १५ टक्के, म्हणजे दोघांत मिळून १,५००. एका मुलाला ७५०. चार लाख डॉलर कमावणाऱ्या जोडप्याला मात्र मुलामागे पूर्ण २,२००. मला हे पटत नाही, आणि ते मी लपवतही नाही.

एकाच वर्षी हे उलटं झालं होतं. मार्च २०२१ च्या कायद्याने सवलत पूर्ण रिफंडेबल झाली: सहा वर्षांखालच्या मुलाला ३,६००, त्यावरच्याला ३,०००. जुलैपासून दर महिन्याला २५० किंवा ३०० डॉलर थेट खात्यात येऊ लागले. अशा सवलतीही उत्पन्नात धरणाऱ्या सरकारच्याच पूरक मोजपट्टीनुसार बालदारिद्र्य २०२० मधल्या ९.७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ५.२ वर आलं. आयटीआयएनवाली मुलं तेव्हाही बाहेरच राहिली. या वाढीव सवलतीची मुदतवाढ सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, अडली. ५०-५० च्या बरोबरीत सत्ताधारी बाजूच्याच एका सदस्याने पाठिंबा नाकारला. काम न करणाऱ्या पालकांना पैसे का द्यायचे, हा आक्षेपाचा गाभा होता. डिसेंबरनंतर हप्ते थांबले आणि २०२२ मध्ये दर १२.४ टक्क्यांवर गेला. जानेवारी २०२४ मध्ये छोट्या दुरुस्तीचं विधेयक खालच्या सभागृहात ३५७ विरुद्ध ७० मतांनी मंजूर झालं. ऑगस्टमध्ये तेही सिनेटमध्ये अडकलं.

२०२५ च्या कायद्याने अट पालकांपर्यंतही नेली. आता आई-वडिलांपैकी किमान एकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर हवा. एच-१बीवाल्या घरांना त्याचा फटका बसत नाही, पण दोन्ही पालक आयटीआयएनवर असतील तर इथेच जन्मलेलं, अमेरिकन नागरिक असलेलं मूलही सवलतीला मुकतं.

आता दाद कुठे मागायची? सरकारी खात्याने काढलेल्या नियमाच्या मसुद्यावर कुणीही लेखी हरकत नोंदवू शकतं, त्याला नागरिकत्व लागत नाही. सरकारी मदतीवर अवलंबून राहतील अशांना ग्रीन कार्ड नाकारण्याच्या 'पब्लिक चार्ज' नियमाच्या २०१८ मधल्या मसुद्यावर २,६६,००० हून अधिक हरकती गेल्या होत्या. पण सोशल सिक्युरिटी नंबरची अट नियमात नसून कायद्यात आहे, त्यामुळे तिथे हरकत चालत नाही, काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यालाच गाठावं लागतं. "आपल्याला मत कुठे आहे?" असं म्हणून आपले लोक इथेच थांबतात. पण खालच्या सभागृहाच्या जागा मतदारांवर नाही, तर जनगणनेत मोजलेल्या माणसांवर वाटल्या जातात, आणि त्यात एच-१बीवाले बाप आणि एच-४ वरच्या मुलीही मोजल्या जातात. म्हणजे तिथला सदस्य आपलाही प्रतिनिधी. फोन केलात तर आपण त्याच्याच मतदारसंघातले हे कळावं म्हणून आधी झिप कोड (इथला पिन कोड) सांगा, मग घरातल्या दोन मुलांचे दोन आकडे: २,२०० आणि ५००.