ब्रॅकेट पोटात गेलं की श्वासनलिकेत?

दातांना तारा लावलेल्या मुलाचं ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा, निघून घशाखाली गेलं, की सल्ला ठरलेला: केळी खाऊ घाला, सकाळी पडून जाईल. ते खरंच पोटात गेलं असेल तर बहुतेक वेळा काही दिवसांत शौचावाटे निघतं, केळ्याशिवायही. उलटी काढू नका, जुलाबाचं औषध देऊ नका. टोकदार तार असेल, लाळ गिळवत नसेल किंवा छाती-पोट दुखत असेल, तर लगेच दवाखाना गाठा.

पण ते पोटातच गेलं, हे ठरवलं कोणी? 'ठसका लागला होता, आता थांबला, म्हणजे खाली उतरलं' हे ऐकलं की माझा संताप होतो. श्वासनलिकेत गेलेली वस्तू आधी जोराचा खोकला आणते, मग आत एका जागी बसते आणि खोकला ओसरतो. मूल खेळायलाही लागतं. श्वासनलिकेची उजवी फांदी डावीपेक्षा रुंद, आखूड आणि सरळ, त्यामुळे वस्तू बहुधा तिकडेच उतरते. पुढे कधीतरी ताप येतो, श्वासाला शिटी येते, एकाच बाजूला न्यूमोनिया होतो, आणि घरचे नागपूरच्या थंडीला दोष देत कफ सिरप पाजत असतात. ही वस्तू सहसा श्वासनलिकेत दुर्बीण घालूनच काढावी लागते.

म्हणून वस्तू नाहीशी होताना ठसका लागला असेल, तर आता बरं वाटतंय याला काडीची किंमत देऊ नका. त्याच दिवशी नागपुरातलं मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय, जे जवळ असेल तिथे जा आणि 'ठसका लागला होता' हे आधी सांगा. एक्स-रेत धातू दिसतो. पारदर्शक अलाइनरचा, म्हणजे दात सरळ करणाऱ्या प्लास्टिकच्या साच्याचा, तुकडा सहसा दिसत नाही, तेव्हा स्वच्छ एक्स-रेवर विसंबू नका. श्वास कोंडला, बोलता येईना, तर पाठीत थापा मारा, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका.

चिक्की, फुटाणे, ऊस ब्रॅकेट उखडतात. तर्री-पोह्यातले शिजलेले चणे चालतील. सैल ब्रॅकेट जिभेने हलवत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. तारेचं टोक कापताना तुकडा पकडून ठेवणारा कटर वापरणारे डॉक्टर मला पसंत. खुर्चीत आडवं असताना काही जिभेवर पडलं तर गिळू नका, मान एका बाजूला वळवा. आणि एक्स्पान्डरची (टाळू रुंद करणाऱ्या उपकरणाची) किल्ली घरी फिरवत असाल, तर तिला हातभर फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) बांधून दुसरं टोक मनगटाला गुंडाळा.