लेकराच्या वेदनेवर विश्वास कोण ठेवतं?

ताप थर्मामीटर सांगतो, ऑक्सिजन बोटाला लावलेला चिमटा सांगतो. वेदना मात्र ज्याची त्यानेच सांगायची आणि समोरच्याने ती खरी मानायची. लहान मुलांची वेदना खरी मानताना कातडीचा रंग आड येतो, याचे आकडे अमेरिकेत उपलब्ध आहेत.

2003 ते 2010 या काळात अपेंडिक्सच्या दुखण्याने तिथल्या इमर्जन्सी विभागांत आलेल्या मुलांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक गोऱ्या मुलांपैकी सुमारे 43 टक्क्यांना मिळालं होतं, कृष्णवर्णीय मुलांपैकी सुमारे 21 टक्क्यांना. पुढे 2016 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 222 गोरे वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांना प्रश्न विचारले. कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते, अशा खोट्या समजुतींपैकी एखादी तरी जवळपास निम्म्यांनी खरी मानली. शिकल्यासवरल्या माणसांनी!

अपेंडिक्स काढलं की प्रश्न मिटतो. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं दुखणं जन्मभर सोबत राहतं. तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या साखळीत एकच अमिनो आम्ल बदलतं, त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात आणि पुढच्या हाडामांसाला रक्त मिळेनासं होतं. बाळ वर्षाच्या आतबाहेर असताना एक दिवस हातापायांची बोटं फुगतात, पायातलं वाळं रुततं, आईने हात लावला तरी ते कळवळून रडतं. या आजाराची पहिली खूण अनेकदा हीच. पुढे काही मुलांच्या खुब्याचं हाड रक्ताविना झिजतं आणि मग दुखणं रोजचंच होतं.

रोज दुखणारं मूल ओरडत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ते मोबाईलमध्ये डोकं घालून गप्प पडून राहतं, कारण मन दुसरीकडे गुंतवायला ते शिकलेलं असतं. नाडी, रक्तदाबही कधीकधी ठीकच असतात. मग ‘याला काही एवढं दुखत नाही’ असा शेरा बसतो.

अमेरिकेत 365 कृष्णवर्णीय बाळांमागे साधारण एकाला सिकलसेल असतो. वेदनेचे झटके कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाला तिथे प्रौढांसाठी 1998 मध्ये मान्यता मिळाली, मुलांसाठी थेट 2017 मध्ये. एकोणीस वर्षं! तोवर मुलांना ते डॉक्टरांनी आपल्या जबाबदारीवर द्यायचं.

मुळात हा आजार कुठल्या एका वंशाचा नाहीच, तो मलेरियाच्या मुलखांचा आहे. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडूनच हे जनुक आलं तर मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं, म्हणून ते टिकलं. त्यामुळेच ते आफ्रिकेत आहे, तसंच आपल्या विदर्भात आणि नंदुरबारच्या भिल्ल, पावरा वस्त्यांतही आहे. भारत सरकारने 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आणि सात कोटी लोकांची तपासणी हाती घेतली. तपासणी हवीच. पण ज्याचं निदान झालं, त्या पोराचं आज रात्री दुखेल त्याचं काय?

वेदनेचा झटका घेऊन आलेल्या सिकलसेलच्या रुग्णाला दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात वेदनाशामक द्यावं, असं अमेरिकी रक्तविकारतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सातपुड्यातल्या पाड्यावरून भर पावसात पोराला पाठुंगळी घेऊन निघालेल्या बापाचा तो तास दवाखान्याचं दार दिसल्यावर सुरू होतो.