वेताळ पडद्यावर आपटला, त्याची पूर्वपीठिका

ठाण्याच्या नौपाड्यात किंवा कोपरीत लहानपण गेलेल्या पन्नाशीपुढच्या माणसाला फँटमबद्दल विचारा, तो ‘वेताळ’च म्हणेल. मे महिन्याच्या सुटीत गल्लीतल्या वाचनालयातून भाड्याने आणलेली इंद्रजाल कॉमिक्स, कोपरे दुमडलेली, मागचं पान कुणीतरी आधीच लांबवलेलं. १९९६ साली हाच वेताळ हॉलिवूडच्या मोठ्या पडद्यावर आला आणि साफ आपटला.

ली फॉक यांनी वेताळाची चित्रमालिका वर्तमानपत्रात सुरू केली १७ फेब्रुवारी १९३६ रोजी, म्हणजे सुपरमॅनच्याही आधी. वेताळाकडे अचाट शक्ती कसलीच नाही. चाच्यांच्या तावडीतून वाचलेल्या पूर्वजाने १५३६ मध्ये शपथ घेतली. तेव्हापासून बापामागून मुलगा तोच पोशाख चढवत आला आणि ‘हा मरतच नाही’ अशी जंगलात समजूत पसरली. सगळं भांडवल एवढंच. आपण वाचला तो एकविसावा. त्याचा उघडा चेहरा जो पाहील त्याला भयंकर मरण, ही दंतकथा. त्यामुळे वाचकालाही तो कधी दिसायचा नाही. मुखवट्यातले डोळेसुद्धा नुसते पांढरे.

भारतात टाइम्स समूहाने १९६४ मध्ये इंद्रजाल काढलं, पुढे ते मराठीतही आलं. इथल्या वाचकाला खटकू नये म्हणून वेताळाच्या देशाचं नाव ‘डेंकाली’ केलं, ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा देशी नायक बहादूर आला, तरी वेताळाची गादी काही हलली नाही. १९९० मध्ये इंद्रजालच बंद पडलं.

चित्रपटाचं घोडं अडलं ते सुरात. जेफ्री बोम यांची पटकथा घेऊन दिग्दर्शक जो डान्टे थट्टेखोर सिनेमा करणार होते. पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने काम थांबवलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा सूत्रं सायमन विन्सर यांच्याकडे गेली. विनोदासाठी लिहिलेलं सगळं गंभीर चेहऱ्याने चित्रित झालं, अशी तक्रार पुढे डान्टे यांनीच केली. (खलनायक झालेला ट्रीट विल्यम्स तेवढा मूळ बेत कळल्यासारखा धमाल करतो.) वेताळ झालेल्या बिली झेनने मेहनत घेतली, पोशाखात खोटे स्नायू न भरता शरीर कमावलं. पण मुखवट्यातून त्याचे डोळे स्वच्छ दिसतात, आणि न्यूयॉर्कमध्ये तर तो कोट घालून उघड्या चेहऱ्याने हिंडतो. ज्याचा चेहरा कुणी पाहू नये, त्याचा क्लोजअप! माझ्या मते सिनेमा तिथेच संपला.

त्यात ७ जूनला वेताळासोबतच ‘द रॉक’ही लागला, ‘ट्विस्टर’ आणि ‘मिशन: इम्पॉसिबल’ गर्दी खेचतच होते. खर्च सुमारे साडेचार कोटी डॉलर, अमेरिकेतली कमाई जेमतेम पावणेदोन कोटी. पुढच्या भागांचे बेत गुंडाळले गेले. १९९९ मध्ये फॉक वारले. नंतर २००९ साली टीव्हीसाठी नवा वेताळ काढला, त्यात ओळखीचा पोशाखच बदलून टाकला.