शेवटचा सात आला कुठून?

३,०६,८८७. सीरियाच्या यादवीत १ मार्च २०११ ते ३१ मार्च २०२१ या दहा वर्षांत मारल्या गेलेल्या सामान्य नागरिकांचा हा आकडा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने तो जून २०२२ मध्ये जाहीर केला. एका मित्राला सांगितला, तर तो म्हणाला, "वरून बॉम्ब पडत असताना मोजायला कोण बसलं होतं? आणि शेवटचा सात कुठून आणला? सगळं अंदाजपंचे दाहोदरसे!"

शंका रास्त आहे. यातल्या १,४३,३५० जणांचं नाव, मृत्यूची तारीख आणि ठिकाण हाताशी आहे. बाकीचे १,६३,५३७ गणिताने काढलेत. काही नोंदी अर्धवट होत्या, त्या संख्याशास्त्राने पुऱ्या केल्या आणि कुठल्याच यादीत न आलेल्यांचाही हिशेब मांडला. यादीतच नसलेला माणूस मोजायचा कसा? मला स्वतःला या विषयातली हीच गंमत सर्वांत जास्त आवडते.

समजा, रंकाळ्यात मासे किती आहेत ते शोधायचंय. जाळं टाकून १०० मासे धरा, शेपटीला खूण करा, सोडून द्या. आठवड्याने पुन्हा ८० धरा. त्यांत २० खुणेचे निघाले, म्हणजे दर चारांत एक. मग तळ्यातही दर चारांत एक खुणेचा असणार. खुणेचे १००, म्हणून एकूण मासे ४००.

आता जाळ्याच्या जागी याद्या ठेवा. एका संस्थेकडे मृतांची १००० नावं, दुसरीकडे ८००, आणि दोन्हीकडे असलेली ४००. हजार गुणिले आठशे भागिले चारशे, म्हणजे २०००. दोन्ही याद्या एकत्र केल्या तर वेगवेगळी नावं भरतात १४००. उरलेले ६०० कोणालाच सापडले नाहीत, पण त्यांची संख्या मात्र सापडली!

इथे एक खोच आहे. मासे एकमेकांना सांगून जाळ्यात येत नाहीत, बातम्या येतात. भर बाजारात बॉम्ब पडून पन्नास माणसं गेली तर ती सगळ्यांच्या यादीत येतात. रात्री नाक्यावरून उचलून नेलेला एकटा माणूस कोणाच्याच यादीत येत नाही. त्यामुळे सामाईक नावं फुगतात. वरच्या उदाहरणात ती ४०० ऐवजी ६४० धरा, उत्तर १२५० वर येतं आणि न सापडलेले ६०० वरून ९० वर घसरतात. म्हणजे याद्या एकमेकींच्या जितक्या ओळखीच्या, तितके मृत गायब.

यावर उपाय म्हणजे याद्या वाढवायच्या. तीन याद्या असल्या की 'आहे-नाही'चे आठ कप्पे होतात. सात दिसतात, आठवा, 'तिन्हींत नाही'चा, अंधारात. सीरियासाठी आठ स्रोत होते, त्यांत सरकारी नोंदीही. आठ याद्यांचे कप्पे २५६, त्यांतले २५५ उजेडात. या कप्प्यांतल्या संख्यांवरून काही मृत्यू सहज नोंदले जाणारे, काही हट्टाने लपणारे, असे अदृश्य गट मानतात आणि प्रत्येक गटापुरत्या याद्या एकमेकींपासून स्वतंत्र, म्हणजे एकीत नाव असल्याने दुसरीत असण्यावर फरक न पडणाऱ्या, धरून अंधारातला कप्पा काढतात. (हे वाक्य दोनदा वाचावं लागलं तर बिघडलं नाही, मी चारदा वाचलं होतं.)

याच्याही आधीचं काम जास्त घाम काढणारं. दोन याद्यांतला अहमद एकच की दोन? अरबीत 'अलिफ' या अक्षरावर 'हमजा' ही खूण दिली किंवा गाळली, तरी माणूस ते 'अहमद'च वाचतो, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. आपल्याकडे सुनिता-सुनीतामुळे रेशनकार्ड अडतं, तसंच हे. नाव, वडिलांचं नाव, गाव, तारीख ताडून जुळवावं लागतं. एका माणसाला दोन धरलं की सामाईक नावं घटतात आणि आकडा फुगतो.

ही पद्धत परकी नव्हे. आपले संख्याशास्त्रज्ञ सी. चंद्रशेखरन यांनी अमेरिकेच्या डेमिंग यांच्यासोबत १९४९ मध्ये ती जन्ममृत्यूच्या नोंदींसाठी मांडली, कलकत्त्याजवळच्या सिंगूरची आकडेवारी घेऊन. पुढे ते आज देवनारला असलेल्या लोकसंख्या संस्थेचे संचालक झाले. युद्धाचं भाकीत ग्रहांवरून करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण कुंडलीवरून हरवलेल्या सहाशे जणांचा हिशेब कोणी दिल्याचं ऐकिवात नाही.

पेरूमध्ये या गणिताने देशाला हादरा दिला. १९८० ते २००० मधल्या यादवीचे बळी पंचवीस हजारांच्या आसपास मानले जात. सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये अंदाज दिला ६९,२८०. दर चार बळींतल्या तिघांची मायबोली केचुआ किंवा दुसरी स्थानिक भाषा होती. राजधानीत स्पॅनिश बोलणाऱ्यांना इतकी माणसं गेल्याचा पत्ताच नव्हता. आयोगाच्या हिशेबावर पुढे संशोधकांत वाद झाला, तो आजही मिटलेला नाही.

एक भोक मात्र बुजत नाही. ज्या घरात सांगायलाही कोणी उरलं नाही, ते कुठल्याच यादीत येण्याची शक्यता शून्य, आणि शून्यापुढे ही पद्धत थिटी पडते. शिवाय इन्सुलिन मिळालं नाही म्हणून गेलेली आजी ३,०६,८८७ मध्ये नाहीच. यात फक्त थेट युद्धाने मारलेले आहेत.

आणि मित्राचा सात? त्याला अर्थ नाही. मूळ उत्तर एक आकडा नसून पट्टा आहे: २,८१,४४३ ते ३,३७,९७१. मधला आकडा वर्तमानपत्रांनी उचलला, कारण मथळ्यात पट्टा मावत नाही.