ऑप्टिकल कोरिलेटर

ऑप्टिकल कोरिलेटर म्हणजे लेसर आणि भिंगं वापरून चित्रातली ठराविक वस्तू शोधणारं आणि ती कुठे सरकतेय त्यावर नजर ठेवणारं यंत्र. मुख्य आकडेमोड इथे चिप करत नाही, उजेडच करतो: भिंगाच्या अलीकडच्या फोकसवर चित्र ठेवून त्यातून लेसर सोडला की पलीकडच्या फोकसवर त्या चित्राचं फूरिए ट्रान्सफॉर्म (चित्रातले बारीक-मोठे पट्टे वेगवेगळे करून दाखवणारं रूप) आपोआप पडतं, वेळ लागतो तो फक्त उजेडाला तेवढं अंतर कापायला, आणि हे कितीही वेळा वाचलं तरी मला भारीच वाटतं.

त्या जागी हव्या त्या वस्तूच्या फूरिए ट्रान्सफॉर्मवरून बनवलेला फिल्टर ठेवायचा, पुढे दुसरं भिंग आणि शेवटी सेन्सर. वस्तू चित्रात असली की सेन्सरवर एक लख्ख ठिपका उमटतो, नसली तर नुसता विखुरलेला उजेड. वस्तू सरकली की ठिपकाही सरकतो (दोन भिंगांमुळे चित्र उलटं होतं, म्हणून उलट दिशेला), त्यामुळे ट्रॅकिंगसाठी वेगळं काही करावंच लागत नाही.

असा फिल्टर होलोग्रामसारखा फोटोच्या काचेवर उतरवायची पद्धत व्हँडर लुग्ट यांनी 1964 मध्ये मांडली. 1966 मध्ये वीव्हर आणि गुडमन यांनी चित्र आणि नमुना शेजारी-शेजारी ठेवायची दुसरी पद्धत दिली.

पण खरा अडथळा होता आकाराचा. काचेऐवजी लिक्विड क्रिस्टलचा मॉड्युलेटर (पिक्सेलगणिक उजेड बदलणारा छोटा पडदा) लावला की चित्र आणि फिल्टर कॉम्प्युटरवरून बदलता येतात, पण भिंगाचं फोकस अंतर मॉड्युलेटरच्या पिक्सेलवर ठरतं. दोन्ही मॉड्युलेटर 512 पिक्सेल रुंद, पिक्सेल 40 मायक्रॉनचा आणि लाल हीलियम-निऑन लेसर धरला तर फोकस अंतर येतं जवळपास 1.3 मीटर, म्हणजे चार फोकस अंतरांची अख्खी मांडणी 5 मीटरच्या वर. पिक्सेल 8 मायक्रॉनचा केला की तीच मांडणी 21 सेंटीमीटरमध्ये बसते, कारण पिक्सेल पाचपट लहान झाला की लांबी पंचवीसपट घटते! त्यात लेसर डायोड घातला, आरशांनी उजेडाची वाट दुमडली की डबा आणखी आटोपशीर होतो.

कमजोरीही आहेच. वस्तू फिरली किंवा लहान-मोठी दिसली की ठिपका लगेच फिका पडतो, म्हणून अनेक कोनांतली रूपं एकाच फिल्टरमध्ये मिसळतात नाहीतर फिल्टर भराभर बदलत राहतात, फेरोइलेक्ट्रिक (झपाट्यानं पलटणाऱ्या) लिक्विड क्रिस्टलवर सेकंदाला हजारांच्या घरात. तेवढ्या वेगानं सेन्सर वाचणं मात्र जड जातं.