सुई टोचल्याने कॅन्सर पसरत नाही

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर परवा एक मावशी शेजारणीला बजावत होत्या, "छातीतल्या गाठीला सुई लावून घेऊ नगंस, पसरतंय ते!" ऐकून जीव कळवळला.

हा समज आला कुठून? पूर्वी बायका फार उशिरा दाखवायच्या. आजार आधीच पसरलेला असायचा, तपासणीनंतर तब्येत खालावली की दोष सुईला!

बायोप्सीत, म्हणजे गाठीच्या या सुईच्या तपासणीत, जागा बधिर करून पोकळ सुईने शेवईएवढा तुकडा काढतात. त्यामुळे कॅन्सर शरीरभर पसरतो, याला आधार नाही. उलट गाठ कोणत्या प्रकारची, तिला कोणतं औषध लागू पडेल, हे त्या तुकड्यावरूनच ठरतं. बहुतेक गाठी तर कॅन्सरच्या नसतातच. पण दुखत नाही म्हणून गप्प बसू नका, मावशी. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही.