वाँटेजच्या मठातला मराठीचा वर्ग

परदेशातली एखादी ख्रिस्ती मंडळी (चर्च) पुण्यातल्या मंडळीबरोबर मिशनचं काम करायचं म्हणते, तेव्हा पहिल्याच बैठकीत ‘पार्टनरशिप’ हा शब्द येतो आणि त्यामागोमाग ‘ट्रेनिंग’. दोन्ही शब्द नव्या काळातले वाटतात. पण कोणी कोणाला तयार करायचं आणि निर्णय कोणाचा, हा वाद या शहरात फार जुना आहे. तो समजून घ्यायचा तर एकोणिसाव्या शतकात मागे जावं लागतं.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि पुढच्या पंधरावीस वर्षांत स्कॉटिश मिशनरी पुण्यात स्थिरावले. त्यांची तयारी एडिंबरोत पुरी झालेली नसायची. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला उतरले आणि मराठी शिकण्यासाठी कोकणात हर्णैला जाऊन राहिले. व्याकरण, उच्चार, कोणापुढे ‘तू’ आणि कोणापुढे ‘आपण’ म्हणायचं, हे सगळं शिकवणारा माणूस इथलाच असे, बहुधा ब्राह्मण शास्त्री. त्याआधी बंगालातल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम कॅरींनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, त्यामागेही वैद्यनाथ पंडित होते. १८३१ च्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशासाठी शास्त्र्यांची एक अख्खी तुकडी राबली. या मंडळींना ‘पार्टनर’ कोणी म्हटलं नाही. पगार मिळाला, नावं बहुतेकांची गेली. मिशनचा इतिहास लिहिताना आपण त्यांना वगळतो, याचं मला वाईट वाटतं, कारण त्यांच्याशिवाय एकही प्रवचन झालं नसतं.

स्कॉटिश मिशनच्या पुण्यातल्या शाळेत १८४१ ते १८४७ या काळात जोतीराव फुले शिकले. पुढे अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली. त्या शाळांमधून त्यांनी काय घेतलं आणि कशावर टीका केली, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. इथे एवढंच, की मिशनने दिलेलं शिक्षण मिशनच्या हातात राहिलं नाही आणि तेच चांगलं झालं.

भागीदारीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा केला तो पंडिता रमाबाईंनी. त्या १८८२ मध्ये पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि इंग्रजी शिकू लागल्या. गुरुवार पेठेत पंचहौद भागात इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या मठातल्या अँग्लिकन पंथाच्या जोगिणी (नन) काम करत होत्या. त्यांच्याशी ओळख झाली आणि १८८३ मध्ये रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. प्रवासाचा खर्च त्यांनी स्वतःच्या ‘स्त्री धर्म नीति’ या पुस्तकाच्या उत्पन्नातून उभा केला. वाँटेजच्या मठात राहण्याजेवणाच्या आणि शिकण्याच्या बदल्यात त्यांनी हिंदुस्थानात जाणाऱ्या जोगिणींना मराठी शिकवायचं, असं ठरलं होतं. म्हणजे पुण्याला निघालेल्या मिशनरी बायकांची तयारी एक पुण्याहून आलेली विधवा करून घेत होती, आणि तेव्हा तिचा स्वतःचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. तो २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला.

मग खटके उडाले. क्रुसावरचे शब्द लॅटिनमध्ये का, ते संस्कृतमध्ये का नकोत, असं रमाबाईंनी विचारलं. आपल्या लोकांना लॅटिन जितकं परकं तितकी संस्कृत नाही, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावरही वाद झाला आणि हिंदुस्थानातल्या बिशपांनी नको म्हटलं. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचताना दोघींचीही तळमळ जाणवते. सिस्टर खोटं बोलत नाहीत, प्रेमच करतात. पण त्या प्रेमात आज्ञा पाळण्याची अट आहे, आणि रमाबाई ख्रिस्ताची आज्ञा व मठाची आज्ञा यांत फरक करतात. मिशनच्या कामात भागीदारी मोडते ती अनेकदा याच जागी.

रमाबाईंचं पुढचं पाऊल जास्त व्यवहारी होतं. अमेरिकेत त्यांनी व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं, आणि १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसे पुरवण्याचं तिने मान्य केलं. धर्माची सक्ती करायची नाही, ही अट होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं आणि या दोघांनी राजीनामे दिले. बॉस्टनने मात्र साथ सोडली नाही. मुदत ठरलेली, अटी आधीच लिहिलेल्या आणि संकटात विश्वास टिकलेला, अशी भागीदारी त्या काळात विरळाच होती.

दुष्काळानंतर केडगावला रमाबाईंचं मुक्ती सदन, निराधार बायकामुलींचं आश्रयस्थान, वाढलं. तिथे परदेशी बायका कामाला आल्या, त्या रमाबाईंच्या हाताखाली. मिनी अब्राम्स या अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनरी १८९८ मध्ये तिथे दाखल झाल्या. शिकागोच्या मिशनरी प्रशिक्षण शाळेत त्यांच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण चिलीत व्हालपारायसोला होती. १९०५ मध्ये केडगावला जे आध्यात्मिक जागरण झालं, त्यावर अब्राम्स यांनी पुस्तिका लिहिली आणि तिला पाठवली. चिलीतल्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारा ख्रिस्ती प्रवाह) उगमाशी त्या पुस्तिकेचं नाव जोडलं जातं. दौंडच्या वाटेवरच्या एका गावातून दक्षिण अमेरिकेपर्यंत! आपल्या मंडळ्यांत ही गोष्ट मुलांना का सांगत नाहीत, कोण जाणे.

विसाव्या शतकात हाच प्रश्न परिषदांमध्ये पोचला. एडिंबरोच्या १९१० च्या जागतिक मिशनरी परिषदेत बाराशेच्या आसपास प्रतिनिधी होते, त्यांत आशियातले वीससुद्धा नव्हते. तिथे भारतीय पाद्री व्ही. एस. अझरियांनी ‘आम्हाला मित्र द्या’ असं मागितलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. जॅक विन्स्लो हे इंग्रज मिशनरी टिळकांनी भारावले होते. त्यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम काढला. तो पुढे पुण्यात शिवाजीनगरला आला. इंग्रज आणि भारतीय एकाच पंगतीला, एकाच खादीत. तिथे १९२७ मध्ये आलेले इंग्रज पाद्री व्हेरिअर एल्विन पाचएक वर्षांत सहकारी शामराव हिवाळेंबरोबर आजच्या मध्य प्रदेशातल्या मंडल्याच्या गोंडांमध्ये गेले. ‘आज्ञापालनातील भागीदारी’ हे शब्द जागतिक मिशन परिषदेने कॅनडातल्या व्हिटबीला १९४७ मध्ये वापरले. शिवाजीनगरच्या आश्रमात ते त्याआधीच जगून पाहिले जात होते.

स्वातंत्र्यानंतर तयारीची जागाच बदलली. श्रीलंकेतल्या कँडीला १८९३ मध्ये निघालेली पेपल सेमिनरी (कॅथलिक धर्मगुरू घडवणारी शाळा) १९५५ मध्ये पुण्याला आली. यवतमाळला १९५३ मध्ये उभी राहिलेली प्रोटेस्टंट मंडळ्यांची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यातल्या बिबवेवाडीला आली. मिशनचे कार्यकर्ते पाठवणारं गाव म्हणून पुण्याचं नाव झालं ते यानंतर.

पैशांचे नियमही बदलले. परकीय देणग्यांवरचा कायदा १९७६ मध्ये आला आणि २०१० मध्ये नव्याने झाला. २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देणं बंद केलं, आणि तो निधी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच यायला हवा असं ठरलं. त्यामुळे मोठ्या संस्थेने निधी आणायचा आणि लहान मंडळीला वाटायचा, ही जुनी रीत आता चालत नाही. अशा वेळी बैठकीत माणसांचं बोलणं आधी व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. कोण जाणार, किती वर्षं, कोणाच्या घरी राहणार, चुकलं तर कोण सांगणार. ईशान्येकडून बिबवेवाडीला शिकायला आलेला मुलगा उद्या मुळशीच्या एखाद्या वाडीत कामाला जाणार असेल, तर त्याला ओसरीवर बसवून मराठी कोण शिकवणार, हेही त्याच बैठकीत ठरावं.